दोन हजारांत आवाज कुणाचा चांगला?

दोन हजारांत कुठला हेडफोन घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गाणं नीट ऐकायचं असेल आणि खिशात दोन-अडीच हजार असतील, तर वायरवाला इअरफोन घ्या. एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, हे मला ठाऊक आहे. मी बोलक्या पुस्तकांचं ध्वनिसंपादन करतो, दिवसभर कानात काही ना काही असतं, त्यामुळे लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत हा प्रश्न मला कुठेही गाठतो. मी वायर म्हटलं की समोरचा हिरमुसतो आणि रात्री व्हॉट्सॲपवर बिनवायरच्या बड्सच्या दोन लिंक पाठवतो, "यातला कुठला?" दोन्हींच्या डबीवर ठळक अक्षरांत बेसच बेस.

दोन हजारांच्या बड्समध्ये काय काय कोंबलेलं असतं बघा. दोन कानांत दोन बॅटऱ्या, डबीत तिसरी, ब्लूटूथची चिप, छोटा ॲम्प्लिफायर, माइक, वर नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करायची सोय. एवढं सगळं झाल्यावर ज्या पडद्यातून आवाज निघतो त्याच्या, आणि मुख्य म्हणजे तो पडदा कसा वाजवायचा हे ठरवण्याच्या वाट्याला किती उरणार? वायरवाल्यात ड्रायव्हर (म्हणजे तोच आवाजाचा पडदा), कवच आणि तार, एवढंच असतं. किमतीचा बहुतेक भाग आवाजावर जातो.

मग जास्त पैसे मोजले की जास्त चांगला आवाज, असं तरी आहे का? तेही नाही. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोन मोजले. मंद्रापासून तारापर्यंत कुठला आवाज किती उचलला जातो, म्हणजे ज्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, त्याचा आणि किमतीचा काही संबंध त्यांना सापडला नाही. स्वस्तातलं बेसूर असतं तसं महागातलंही असतं. फरक पडतो तो ट्यूनिंगने, म्हणजे कुठला स्वर किती उचलायचा याच्या जुळणीने. हारमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012-13च्या सुमारास बऱ्याच लोकांना ऐकवून बहुतेकांना काय आवडतं याचा एक आलेख बांधला. त्यात 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास एक उंचवटा आहे. आपल्या कानाचा आकार आणि कानाची नळी त्या पट्ट्यातला आवाज मुळातच उचलून धरतात. इअरफोन थेट नळीत बसतो, ती नैसर्गिक उचल बिघडते, म्हणून ती ट्यूनिंगमध्ये भरून काढावी लागते. ती नसली की गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं. स्वस्त बड्समध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बेस ढीगभर, आणि गाणारा माणूस मागच्या खोलीत.

ऐकून पारखायचं कसं, हे मात्र जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या कानाला काय चालेल ते माझ्या यादीतून कळणार नाही. कुठल्याही ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात लावा, जिथे अजून नुसता तानपुरा वाजतोय. गायकाचा सा काळी एकचा असेल तर खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला असते. पण लक्ष खर्जाकडे नको, खर्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराकडे, म्हणजे न छेडता आपोआप ऐकू येणाऱ्या ग स्वराकडे द्या. तो साडेतीनशे हर्ट्झच्या जरा अलीकडे असतो. ज्या हेडफोनचा बेस खालच्या पट्टीत न राहता वर दोनशे-तीनशेपर्यंत पसरतो, त्यात हा गंधार बुडतो आणि नुसता घुं-घुं गुंजारव उरतो. जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उमटणारी, ती रेशमी किरकिर मात्र याच्या खूप वर असते. ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, दाबलेला असेल तर ती जाते, आणि सहा-आठ हजार हर्ट्झवर टोक काढलेलं असेल तर कानाला टोचते.

मग डग्गा. तबलजी मनगट दाबत घुमक वर नेतो तेव्हा तो आवाज सरकताना ऐकू आला पाहिजे. बेस फार फुगवलेला असला की सगळी घुमक एकाच ढुममध्ये निकालात निघते. याउलट, ज्याला लोक "बेस कमी आहे" म्हणून नाकारतात, त्याच इअरफोनमध्ये ही मींड स्वच्छ ऐकू येते.

तिसरी परीक्षा माझ्या धंद्यातली. मराठीतला 'चमचा', 'चाक', 'जरा' यांतला दंत्य च-ज आणि पुष्कळसे स-श असलेलं एखादं वाचन लावा. "सकाळी साडेसातच्या एसटीने साताऱ्याला" असं काहीही चालेल. टोकदार ट्रेबलच्या हेडफोनमध्ये प्रत्येक स शिट्टीसारखा येतो. दहा मिनिटं चालवून घ्याल, तासाभराने डोकं धरेल. बोलकी पुस्तकं आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनी बेसचं सोडा, हे आधी तपासा.

दोन हेडफोन शेजारी-शेजारी ऐकताना आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा. दुकानात हे कुणी करत नाही, आणि निम्मे निकाल तिथेच चुकतात. थोडा मोठा वाजणारा आपल्याला कायम चांगला वाटतो. शिवाय आवाज लहान असला की कानाला खालचे स्वर आपोआप कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्येच हे मोजून ठेवलंय. त्यामुळे लहान वाजणारा हेडफोन बिचारा "बेस नाही" म्हणून बाद होतो. निवेदकाचा आवाज दोन्हींत समोर बसून बोलल्याएवढा करा आणि मग ठरवा.

माझा भाचाही असाच आला होता. "मामा, तू सांगितलेला इअरफोन एकदम पत्र्याचा डबा वाजतोय." मी त्याच्या कानातला इअरफोन बोटाने जरा आत दाबला. "अरे, आता बेस आला!" कानात हवाबंद बसला नाही की खालचे स्वर सरळ बाहेर निसटतात. खोक्यात रबरी टिपांच्या दोन-तीन मापांच्या जोड्या असतात, त्या पिशवीतून बाहेर काढायचीही लोक तसदी घेत नाहीत. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं, त्यात लाजायचं काय! त्याचा दुसरा फायदा असा की टीप नीट बसली की बसची घरघर आपोआप कमी ऐकू येते, आणि आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास, अशी मर्यादा सांगते. लोकलमध्ये उघड्या तोंडाचे बड्स लावून फुल्ल आवाजात ऐकणारे तिच्या किती पुढे जात असतील कोण जाणे.

वायरलेस अगदीच टाकाऊ आहे असं नाही. पळायला जाताना, पोळ्या लाटताना वायर नकोच. काहींच्या ॲपमध्ये इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची सोय असते. फुगलेला बेस तीन-चार डेसिबल खाली आणला की बरेच बड्स माणसात येतात. एसबीसी, एएसी, एलडॅक या कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायच्या पद्धतींच्या वादात मी पडत नाही. एलडॅक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातं हे खरं, पण ते आयफोनवर चालतच नाही, आणि ट्यूनिंग वाईट असेल तर तोच वाईट आवाज तपशीलवार पोचतो. मात्र तानपुऱ्याच्या ॲपवर रियाज करताना स्वतःचा आवाजही कानात घेणार असाल, किंवा व्हिडिओ एडिट करत असाल, तर ब्लूटूथचा विलंब सहन होत नाही.

नावंच हवीत ना? 2022मध्ये बाजारात आलेले दोन वायरवाले इअरफोन, मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झ झीरो, दोघेही तेव्हा परदेशात 20 डॉलरच्या आसपास होते. दोघांत गाण्यासाठी मी झीरो उचलेन, कारण त्याची तार वेगळी निघते, आणि स्वस्त इअरफोनमध्ये आधी मरते ती तार. पहिल्या चूची तार कायमची जोडलेली होती, चू टूमध्ये ती सुधारणा झाली. कानात काही खुपसायचं नसेल तर कॉसचा केएससी 75, कानाला अडकवायचा. त्यातून आवाज बाहेर फुटतो, म्हणून घरीच वापरायचा. पूर्ण कान झाकणारं हवं असेल तर बजेट वाढवा. ऑडिओ-टेक्निकाचा एम 20 एक्स चांगला आहे, पण तो दोन हजारांत बसत नाही.

तुमच्या फोनला गोल जॅक नसेल, तर टाइप-सी डोंगल (फोन आणि इअरफोन जोडणारी छोटी तार) घेताना आत डॅक चिप, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारी चिप आहे का ते विचारा. गल्लीतली साठ रुपयांची डोंगल बऱ्याच फोनवर मुकी राहते. आणि ऑफिसच्या मीटिंगलाही तोच इअरफोन वापरणार असाल, तर ऑर्डर करताना नीट बघा. माइकसह आणि माइकविना असे दोन प्रकार शेजारी-शेजारी असतात, आणि स्वस्त दिसतो तो बहुधा माइकविना.