तुम्ही विचारलंत म्हणून: माझे डोके रजिस्टरात का असते

माणूस समोर बसून बोलत असताना तुमचे डोके रजिस्टरात का असते, असे मला नातेवाइकांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात समुपदेशक म्हणून काम करताना पहिली काही वर्षे मीही हेच इतरांना, जरा तोऱ्यातच, विचारत असे.

त्या वर्षांतला एक खलाशी. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या गोळ्यांवर चांगला सावरलेला. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तो नेमाने येई. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या आणि त्याचे येणे थांबले. आमच्या अहवालात ‘जुने रुग्ण’ या रकान्यातला आकडा मात्र त्या महिन्यात वाढला, कारण तिथे माणसे नव्हे, भेटी मोजल्या जात. एकच बाई तीनदा आली तर तीन. त्या आकड्याबद्दल आमचे कौतुकही झाले. गणपती गेल्यावर त्या खलाशाची आई आली, गोळ्यांची रिकामी पाकिटे तिने टेबलावर एकापुढे एक मांडली आणि म्हणाली, “गोळयो संपान म्हयनो झालो, तुमका कळाक नाय?” त्याला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले होते आणि तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, त्याला बंदरावर उतरवून घरी धाडले होते. मला खरोखरच कळले नव्हते. कागदावर ते कळण्याची सोय नव्हती, असे मी बरेच दिवस सांगत राहिले. पण त्याचा चेहरा तरी आठवायला हवा होता.

आता माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे गोळ्या संपण्याची तारीख असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघाले, पण ते ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून देशोदेशीच्या मानसिक आरोग्यसेवेची माहिती संकलित करते. तीही शेवटी अशाच कुठल्या तरी टेबलावरून वर जाते, आणि आमच्यासारख्यांनी भेटींनाच माणसे म्हटले तर उपचार मध्येच सुटलेला माणूस संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातही कुणाला दिसणार नाही.

तरीही तुमचा आक्षेप खोटा नाही. मागच्याच आठवड्यात मी तारीख शोधत असताना समोरची बाई रडू लागली, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आले.

तो खलाशी आता वेळेवर येतो, होडीवर मात्र जात नाही. त्याच्यापुढच्या ‘परिणाम’ या रकान्यात काय लिहावे, हे मला दर महिन्याला नव्याने ठरवावे लागते.