लीड्समधला सिंहगड

शुक्रवार, 1 नोव्हेंबर 2024, लक्ष्मीपूजन

नातवाने यंदा इंग्लंडात किल्ला केला. लीड्सच्या शाळांना या आठवड्यात सुट्टी आहे, ती सगळी त्याने त्यातच घालवली. बाहेर गारठा, म्हणून किल्ला घरात, खिडकीखाली. खाली खोकी, त्यावर जुनी चादर आणि वर बागेतली माती लिंपलेली. मावळे मात्र इथले, कसब्यातल्या कुंभारवाड्यातले. फराळाच्या पार्सलात एकेकाला कापडात गुंडाळून पाठवले होते. तरी एकाची ढाल मोडलीच. नातवाने त्यालाच तानाजी केलं आणि त्याच्या हाताला चिंधी बांधली! ही गोष्ट मी त्याला मे महिन्यात सिंहगड चढताना सांगितली होती. एवढं लक्षात ठेवलं पोराने.

अळीव त्याला तिथेच मिळालं. तिकडची मुलंही शाळेत ओल्या कापसावर तेच पेरतात आणि उगवलं की अंड्याच्या सँडविचमध्ये घालून खातात. गडावर हिरवं काय उगवलंय, हे मित्रांना समजावून सांगावंच लागलं नाही.

गेल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. आता तिथे साडेचारलाच दिवेलागण. इथे सहा वाजता मी नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, धणे-गूळ मांडून पूजेला बसले, तेव्हा लेक अजून ऑफिसातच होती. मग अर्धी रजा टाकून घरी आली आणि आपल्या रात्री दहाला तिची पूजा झाली. काल नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत तिघांच्या आंघोळी उरकल्या होत्या, तेल-उटणं लावून. संध्याकाळी हॅलोविनची मुलं दारात आली, तर पणत्या बघत उभी राहिली. ओळखीच्या दोघांनी शंकरपाळेही नेले.

दुपारी वन्सं म्हणाल्या, "बिचारी, तिला कुठली आलीय दिवाळी." मला हे 'बिचारी' अजिबात सहन होत नाही. शेजारून येणारं फराळाचं ताट तिथे नाही, लक्ष्मी रोडची गर्दी नाही, दिवाळी अंक घेऊन दुपारभर लोळणं नाही. त्याची तिला आठवण येते, मला माहीत आहे. पण इथे जिना उतरलं की दिवाळी समोर उभी असते. तिला साहेबाकडे रजा मागून, अंधार कधी पडतो ते बघून ती करावी लागते, आणि ती करते. मी वन्संना किल्ल्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून दोनदा पाहिला आणि लगेच आपल्या मुलाला पाठवला.

भाऊबीज झाली की किल्ला काढणार का, असं मघाशी नातवाला विचारलं. "आजी, तानाजी अजून वर चढलेच नाहीयेत," म्हणाला. त्याला दोर कुठून लावायचा ते नीट बघायचंय. उद्या पाडव्याचं ओवाळणं आटपलं की मे महिन्यातल्या फोटोंत तानाजी कड्याचा शोधून त्याला पाठवते.