चादरीवरचा बर्फ

कोकणात डिसेंबरात बर्फ पडत नाही, दव पडतं. नाताळचे सिनेमे मात्र बहुतेक सगळे बर्फातले. वेंगुर्ला-मालवणाकडे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चादर बांधून असा एखादा सिनेमा लावला की पडद्यावर बर्फ आणि बघणाऱ्यांच्या कानटोप्यांवर दव, असा दुहेरी हिवाळा जमतो. त्यातला पडद्यावरचा खोटा, टोपीवरचा खरा. आणि खेळ बिघडवायची ताकद खऱ्यातच असते.

पडद्यावरचा किती खोटा, तर जुन्या हॉलिवूडमध्ये पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून उधळायचे. पायाखाली ते पापडासारखे वाजायचे, त्यामुळे संवाद मागाहून पुन्हा रेकॉर्ड करावे लागत. दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या नाताळच्या सिनेमासाठी आग विझवायचा फेस वापरून न वाजणारा बर्फ तयार केला गेला आणि त्या युक्तीला अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. चित्रीकरण झालं १९४६ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात. ओव्हरकोट घालून त्या बर्फातून धावणारा त्याचा नायक जेम्स स्टुअर्ट उकाड्यात धावत होता. तेव्हा उघड्या पायांनी सुंभाच्या बाजेवर बसून नाताळचा सिनेमा बघणाऱ्याने ओशाळायचं कारण नाही.

हा सिनेमा तेव्हा फारसा चाललाही नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो जवळपास फुकटात दाखवता येऊ लागला, मग दर डिसेंबरात जो तो तोच लावू लागला. घरोघरची ‘परंपरा’ झाली ती अशी. स्वीडनमध्ये तर २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता टीव्हीवर डिस्नेचा जुना डोनाल्ड डकचा कार्यक्रम लागतो आणि साठहून अधिक वर्षं घरंच्या घरं त्यासमोर बसतात. आपल्याकडे दशावतारात पुढे काय होणार हे पोराटोरांना ठाऊक असतं, तरी चटया घेऊन लोक पहाटेपर्यंत बसतातच. त्यातलाच हा प्रकार.

दशावताराचं नाव निघालंच आहे तर आधी तारखेचं बघावं. डिसेंबर म्हणजे जत्रांचा हंगाम. गावच्या किंवा शेजारच्या गावच्या जत्रेच्या रात्री सिनेमा ठेवला तर खळ्यात कुत्रं आणि प्रोजेक्टर एवढेच उरतात. २४ तारीखही टाळावी. त्या रात्री चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना असते, घरातल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नवे कपडे घालून जमिनीवर कुणी बसत नाही. २३ किंवा २५ ची संध्याकाळ बरी. खेळ सातला सुरू करून साडेनवाला संपवावा. दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे आणि त्याआधीच म्हातारी माणसं पेंगायला लागतात.

जागा खळ्याचीच, आणि तीही माटवाखालची, म्हणजे मांडवाखालची. दव वरून पावसासारखं पडतं असा समज आहे. खरं तर उघड्यावरची वस्तू रात्री आकाशाकडे उष्णता सोडून गार होते आणि हवेतला ओलावा तिच्यावर जमतो. वर झावळ्यांचं छप्पर असलं की वस्तू तितकी गार होत नाही, म्हणून माटवाखालची खुर्ची कोरडी आणि चार हातांवरची मोटारसायकल निथळत असते. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप माटवाखालीच हवेत. दवाच्या भीतीने प्रोजेक्टरवर प्लास्टिक टाकणारे भेटतात. हवा अडली की तो तापतो आणि ऐन रंगात आपोआप बंद होतो.

आता चादर. डबलबेडची पांढरी, ९० बाय १०० इंचांची, शंभराची बाजू आडवी. तिच्यावर १०० इंच कर्णाचं चित्र नीट बसतं, म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. घरगुती प्रोजेक्टरला बहुधा चित्राच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट अंतर लागतं, तेव्हा तो ९ ते ११ फुटांवर येतो. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवावी, नाहीतर पुढच्यांची डोकी सबटायटल खातात. एकेरी चादरीतून बराच प्रकाश आरपार जातो आणि मागच्या फणसावर उलटा सिनेमा चालू होतो. पोरं हटकून तिकडे जाऊन बसतात. मागे दुसरी जाड पांढरी चादर लावली की उजेड तितका वाया जात नाही. खालच्या काठात काठी ओवून ती दोन्ही बाजूंच्या खांबांना आवळावी. इस्त्री केली नाही तरी चालेल, ताण मात्र हवा.

वाऱ्याचा विचार कुणी करत नाही आणि घोळ तिथेच होतो. संध्याकाळी खारा वारा पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, मग रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटतो. चादरीचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर तिचं शीड होतं. पडद्यावर पोरगा घाबरून ओरडत असतो आणि त्याचं नाक गरोदर बाईच्या पोटासारखं पुढे येतं. चादर पूर्व-पश्चिम ताणावी, म्हणजे तिची फक्त कड वाऱ्याला लागते.

प्रोजेक्टर विकत घेताना खोक्यावरच्या ‘९००० ल्युमेन’ला भुलू नये. एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती तेवढंच विचारावं. काळोख्या खळ्यात एवढ्या चित्राला खरेखुरे ३०० ते ५०० पुरतात. मात्र काळोख हवा. नाताळची चांदणी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा कंदील, बघणाऱ्यांच्या मागे पेटलेली असली की पडद्यावरचा बर्फ मळकट होतो. ती विझवा म्हटलं तर घरात भांडण होतं, म्हणून चादरीच्या मागच्या बाजूला, ओटीवर हलवावी. पाखरांसाठी वीसेक फुटांवर एक पांढरा बल्ब लावून ठेवला तर निम्मी तिकडे जातात. उरलेली बर्फात फिरतात.

आवाजाचा स्पीकर चादरीपाशी ठेवावा, प्रोजेक्टरजवळ नको, आणि ब्लूटूथने न जोडता वायरने. ब्लूटूथला आवाज किंचित मागाहून येतो, ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो आणि मग सगळे तेवढंच बघत बसतात. दुसरी नेहमीची फसगत म्हणजे मोबाइलवरून ओटीटी अ‍ॅप मिरर करणं. आवाज येतो, चित्र काळं. नक्कल होऊ नये म्हणून अ‍ॅपच चित्र अडवतं, प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. आदल्या दिवशी सगळी जोडणी करून दहा मिनिटं चालवून बघावी आणि सिनेमा डाउनलोड करून ठेवावा. नाताळात चाकरमानी आणि पर्यटक एकदमच येतात, नेटवर्क कुणालाच मिळत नाही. विजेचं म्हणाल तर प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर मिळून दोनशे वॉटच्या आतबाहेर. चांगल्या स्थितीतली १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी तेवढ्यावर तीनेक तास काढते, फक्त त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे नकोत.

सिनेमा कोणता, यावर घराघरात दरवर्षी तोच वाद. सुरुवातीला ‘द स्नोमॅन’ लावावा. १९८२ चा, ब्रिटनच्या चॅनल फोरने पहिल्यांदा दाखवलेला, २६ मिनिटांचा, आणि एक गाणं सोडलं तर जवळपास बिनबोलाचा. तेवढ्यात उशिरा येणारे येतात, चटयांवरून होणारी भांडणं मिटतात, आजीलाही सगळं कळतं. नंतर ‘होम अलोन’, घरात एकटा राहिलेला पोरगा सापळे लावून चोरांना जेरीस आणतो तो. १९९० चा हा सिनेमा कमकुवत प्रोजेक्टरवरही उठून दिसतो, कारण घराच्या आत भरपूर उजेड आणि जिकडेतिकडे लाल-हिरवे रंग. शिवाय चोर जिन्यावर पाऊल टाकतो तेव्हा दुभाष्या लागत नाही. खळ्यातला एखादा काका तरीही सांगतोच, ‘‘आता पडतलो बघ.’’ मारधाडीचा ‘डाय हार्ड’ नाताळचा सिनेमा की नाही हा वाद जगभर चालतो. १९८८ च्या जुलैत तो थिएटरात आला होता. खळ्यापुरता निकाल सोपा आहे: निम्मा सिनेमा अंधारात घडतो, चादरीवर काही दिसत नाही.

कुलकुलांची, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड फराळाची, रात्र वेगळी. ती घरात, टीव्हीसमोर, दिवा लावून, कारण काळोखात कुलकुलं वळता येत नाहीत. अर्धा किलो मैद्याची नारळाच्या दुधात घट्ट मळलेली कणीक चार जण बसले की साधारण एका सिनेमात संपते. बोराएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची, मग गुंडाळायची आणि शेवटची कड नीट चिकटवायची. कड सुटली की तेलात कुलकुल उलगडतं. पंख्याखाली कणीक सुकते आणि वळताना तडकते, म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवून लिंबाएवढीच बाहेर काढावी. त्या रात्री ‘होम अलोन’ नको. सापळे सुरू झाले की सगळ्यांचे हात थांबतात, काढलेली कणीक ताटातच वाळते. कानांनी बघता येईल असा सिनेमा हवा. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ हा १९४७ चा उत्तम. त्यात सांताक्लॉज खरा की खोटा यावर न्यायालयात खटला चालतो. एकाने अधूनमधून उलगडून सांगितलं की पुरतं. कोर्टकज्जा कोकणात समजावून सांगावा लागत नाही, उलट वकिलाचं कुठे चुकलं हे घरातलेच सांगतात.

खळ्यातला खेळ संपल्यावर प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत वायर उपटू नये. चादर तशीच राहू द्यावी. रात्रीतून ती माटवाखालीही थोडी दमट होते आणि घडी घातली तर चार दिवसांत काळे ठिपके धरते. सकाळी नऊच्या उन्हात उलटसुलट वाळवून घ्यावी, कारण दुपारी मुंबईचे पाहुणे येतात आणि माजघरातल्या गादीवर तीच घालायची असते.