आमची वाटचाल : बॅकयार्डमधली छोटी घरं

आम्ही फक्त छोटी घरं डिझाइन करतो, आणि तीसुद्धा दुसऱ्या घराच्या मागच्या अंगणात. कॅलिफोर्नियात याला एडीयू म्हणतात, कोणी ग्रॅनी फ्लॅट म्हणतं, आपल्याकडचे लोक सरळ आउटहाउस म्हणतात आणि तेच सगळ्यात पटकन कळतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात फर्म आहे, फर्म म्हणजे काय तर मी, माझी पार्टनर जी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, एक ड्राफ्टिंग करणारा मुलगा आणि आठवड्यातून थोडे तास हिशोब बघणारी एक ताई. बस एवढंच. बरेच जण विचारतात की एवढ्यावर कसं चालतं, मोठे प्रोजेक्ट का घेत नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी महाराष्ट्रातून आर्किटेक्चर करून लग्नानंतर एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आले. तेव्हा एच-फोरवर काम करायची परवानगीच नव्हती, ती आली मे २०१५ पासून, आणि तीही नवऱ्याचं ग्रीनकार्ड एका ठराविक टप्प्यावर पोचलेलं असेल तरच. कामाच्या परवानगीचं कार्ड हातात आल्यावर एका रेसिडेन्शियल डिझायनरकडे लागले, किचन रिमॉडेल, मागे एक खोली वाढवा, बाथरूम मोठं करा, असली कामं. इथलं लायसन्स नसताना घरं कशी काढायची असं तुम्हाला वाटेल, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लाकडी फ्रेमच्या, दोन मजल्यांपर्यंतच्या घराचे प्लॅन काढायला आर्किटेक्टचं लायसन्स लागत नाही, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. नेहमीच्या साच्याबाहेरचं काही असेल तर इंजिनिअरचा शिक्का लागतो. म्हणून तर पार्टनर इंजिनिअर! हे मी गमतीत म्हणते पण खरंही आहे.

त्या काळात मागच्या अंगणात दुसरं घर काढायचं म्हटलं की लोक हसायचे. कायदा होता, १९८२ पासून होता, पण प्रत्येक शहर आपापल्या अटी घालायचं, एवढा मोठा प्लॉट पाहिजे, छताखालचं पार्किंग पाहिजे, मालक तिथेच राहिला पाहिजे, कुठं कुठं शेजाऱ्यांसमोर सुनावणी. मग २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दोन बिलांवर सही झाली, एसबी १०६९ आणि एबी २२९९ (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटचं बिल, एबी म्हणजे असेंब्लीचं), आणि जानेवारी २०१७ पासून बस-रेल्वेच्या थांब्यापासून अर्ध्या मैलात असाल तर पार्किंग मागायचं नाही असं ठरलं. आम्ही दोघींनी फर्म काढली ती याच सुमारास. धंद्याची मोठी दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या घरी जावं तिथं एकच विषय, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा सहा महिने येतात, जिना चढवत नाही, एकच बाथरूम खाली आणि तेही पाहुण्यांचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, फक्त त्याला परमिट मिळत नव्हतं.

खरी उसळी आली ती २०२० मध्ये. २०१९ ला एबी ६८, एबी ८८१ आणि एसबी १३ पास झाली (एसबी १३ वाले सिनेटर बॉब विकाव्स्की हे फ्रीमाँटचे, म्हणजे आमच्या अर्ध्या गिऱ्हाइकांचे तेव्हाचे लोकप्रतिनिधी) आणि १ जानेवारी २०२० पासून चित्रच पालटलं. बाजूला आणि मागे फक्त ४ फूट सोडायचे. ८०० स्क्वेअर फुटांचं, १६ फूट उंचीचं घर शहराला अडवता येणार नाही, प्लॉट किती का लहान असेना. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत उत्तर. गॅरेजचं घर केलं तर गेलेलं पार्किंग भरून द्यायला नको. आणि ७५० स्क्वेअर फुटांच्या आतल्या घराला इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाने शहराच्या सोयींवर पडणाऱ्या ताणापोटीची फी) नाही. आमच्या फोल्डरमध्ये ७४९ स्क्वेअर फुटांचे प्लॅन का सापडतात ते आता कळलं असेल. मर्यादा ओलांडली की शहर त्या प्रमाणात फी लावू शकतं, कशाला वाढवायचं.

तर कायदा सोपा झाला, पण काम सोपं झालं असं समजू नका. लोकांना वाटतं ४ फूट सोडले की झालं. पण बिल्डिंग कोडप्रमाणे साधारणपणे प्लॉटच्या हद्दीपासून ५ फुटांच्या आत भिंत आली की ती एक तास आग सोसेल अशी बांधावी लागते, आणि ३ ते ५ फुटांच्या पट्ट्यात खिडक्या-दारं त्या भिंतीच्या पाव भागापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, छपराचा वळचणीचा भाग बाहेर काढायचा तर त्यालाही नियम. मग बेडरूमला इग्रेसची खिडकी लागते, आग लागली तर माणूस बाहेर पडेल एवढी, खालची चौकट खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. मग आम्ही काय करतो, शक्य असेल तिथं हद्दीकडच्या भिंतीला कपाटं, बाथरूम, किचनचं काउंटर लावतो आणि उजेड सगळा अंगणाच्या बाजूने घेतो. जागा ४ फुटांची असली तरी बरेचदा ५ फूट सोडा म्हणून आम्हीच सांगतो. एक फूट जमीन गेली म्हणून मालक कुरकुरतो, मग भिंतीचा हिशोब दाखवला की गप्प होतो.

आणि आता जे लिहिणार आहे ते कोणाला वाचायला आवडत नाही, ड्रेनेज. माझ्या मते या धंद्यात निम्मं डिझाइन जमिनीखाली असतं. सांडपाण्याची लाइन फुटाला पाव इंच उतार मागते. नवं घर मागच्या कोपऱ्यात, जोडायची जागा पुढे ६० फुटांवर, म्हणजे १५ इंच उतार नुसत्या पाइपलाच हवा, आणि अंगण मागे खोलगट असेल तर पंप बसवा, पंप आला की वीज गेल्यावर काय करायचं हा प्रश्न आला. विजेचं पॅनेल १०० अँपचं असेल तर एडीयूसाठी बहुतेक वेळा २०० चं करावं लागतं, आणि तिथं वीज कंपनीच्या तारखेची वाट बघण्यात परमिटपेक्षा जास्त काळ गेलेला आम्ही पाहिलाय. पब्लिक युटिलिटीचं इझमेंट (पाइप-तारांसाठी राखून ठेवलेला पट्टा) मागच्या कुंपणालगत असेल तर तिथं बांधताच येत नाही, ४ फूट वगैरे विसरा. हे इझमेंट टायटल रिपोर्टमध्ये (जमिनीच्या मालकीहक्काचा अहवाल) असतं आणि तो रिपोर्ट कोणी उघडूनसुद्धा बघितलेला नसतो.

म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक ठरवलं, पहिली भेट फुकट नाही. यावरून ओळखीतले काही लोक नाराज झाले, "अगं आपल्या लोकांकडून पण घेणार का" वगैरे. पण त्या भेटीत आम्ही टेप लावतो, पॅनेल उघडून बघतो, ड्रेनेजचं तोंड शोधतो, उतार मोजतो, झाडं बघतो, आणि मग लेखी देतो की इथे काय बसेल आणि काय नाही, आणि चक्क "नका करू" असंही देतो. एका काकांना आम्ही मागे घर नको, घरातलीच एक बाजू वेगळी काढून ज्युनिअर एडीयू करा असं सांगितलं, ५०० स्क्वेअर फुटांपर्यंत चालतं, छोटंसं किचन, स्वतंत्र दार, बाथरूम मुख्य घराशी शेअर केलं तरी चालतं. आमची डिझाइन फी त्यात बरीच कमी झाली. काका आजही लोक पाठवतात.

गॅरेजबद्दल थोडं. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे गॅरेजवर उडी मारतात. जुनं दोन गाड्यांचं गॅरेज म्हणजे साधारण २० बाय २०, चारशे स्क्वेअर फूट, घर म्हणून छान मापाचं. पण त्याची फरशी दाराकडे उतरती असते, खाली ओल अडवणारा कागद बहुधा नसतो, भिंती नुसत्या काड्यांच्या, पाया कधी कधी नावापुरता, आणि गाडीचं मोठं दार काढून तिथं भिंत-खिडकी करायची म्हणजे पुढच्या बाजूला भूकंपाचं बळ कोण घेणार हा प्रश्न पार्टनरच्या टेबलावर. इन्शुलेशन, फरशी वर उचलणं, सगळं धरलं की "स्वस्त" हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. तरीही फायदे आहेत, स्वतंत्र नव्या एडीयूला साधारणपणे सोलर लागतं, कन्व्हर्जनला, म्हणजे गॅरेजचं घर करायला, नाही. (नव्याला लागलं तरी पॅनेल मोठ्या घराच्या छपरावर लावलेले चालतात, हे अनेकांना माहीतच नसतं आणि उगीच झाडं तोडायला निघतात.)

"एवढंसं घर, मग एवढा खर्च कसा?" हा प्रश्न प्रत्येक मीटिंगला येतो. छोट्या घरातही किचन एक, बाथरूम एक, वॉटर हीटर एक, खंदक तेवढाच लांब, परमिटचे कागद तेवढेच. महागडं सगळं तसंच राहतं आणि स्वस्त असलेली मोकळी जागा तेवढी कमी होते, म्हणून स्क्वेअर फुटाचा भाव मोठ्या घरापेक्षा जास्तच येतो. २०२१ मध्ये तर लाकडाने कळस केला, मे महिन्यात वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांना (लाकूड मोजायचं माप) १,६०० डॉलरच्या वर भाव गेला होता. आमचे तेव्हाचे कितीतरी परमिट झालेले प्लॅन तसेच पडून राहिले, कॉन्ट्रॅक्टर कोटेशन एका आठवड्याच्या वर धरून ठेवत नव्हते. त्या वर्षी आम्हाला तगवलं ते कन्व्हर्जनच्या कामांनी आणि जुन्या विनापरवाना खोल्या कायदेशीर करून देण्याच्या कामांनी. मग राज्याच्या हाउसिंग फायनान्स एजन्सीची ग्रँट आली, प्लॅन, सॉइल टेस्ट, परमिट फी अशा आधीच्या खर्चाला ४० हजार डॉलरपर्यंत, फोन थांबेनात, आणि २०२२ संपता संपता पैसे संपले तसे फोनही थांबले. अशा लाटेवर माणसं वाढवायची नाहीत हे पार्टनरचं म्हणणं, मला तेव्हा पटत नव्हतं, पण पगार तीच बघते त्यामुळं तिचंच चाललं.

डिझाइनचं म्हणाल तर छोटं घर म्हणजे मोठं घर आखडून केलेलं नव्हे. इथं पॅसेज नावाची गोष्ट आम्ही ठेवतच नाही, बेडरूमचं दार थेट हॉलमध्ये उघडतं. सरकतं दार भिंतीच्या आत. छत तिरकं ठेवून एका बाजूला उंच खिडकी, की कुंपणाच्या वरून आकाश दिसतं आणि शेजारी दिसत नाही. आपल्या लोकांच्या घरात फोडणीचा धूर हा गंभीर विषय आहे, त्यामुळं चिमणी खोलीतच हवा फिरवणारी अजिबात नाही, बाहेर डक्ट काढणारीच. बाथरूमला उंबरा नाही, भिंतीच्या आत आधाराचे दांडे बसवायला आधीच लाकूड ठोकून ठेवायचं, हे आम्ही पहिल्यापासून करत होतो, २०२४ च्या जुलैपासून नवीन घरांना कोडनेच ते भिंतीतलं लाकूड सक्तीचं केलं. सासूबाईंना स्वतःचं किचन द्यायचं की नुसतं चहापुरतं, यावर नवरा-बायकोची आमच्यासमोर जुंपते, तेव्हा आम्ही लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतो. पण एक सांगते, पूर्ण किचन घ्या. आई-बाबा बाराही महिने इथं नसतात, पुढेमागे भाड्याने द्यायचं झालं तर किचनशिवाय कोण घेणार. भाडं मात्र तीस दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं, पर्यटकांना दोन रात्रींसाठी द्यायचा विचार बहुतेक शहरांत चालत नाही. आणि टॅक्सची भीती घालणारे बरेच भेटतात, तर १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (घरावरचा टॅक्स मर्यादेत ठेवणारा राज्याचा कायदा) जुन्या घराचं मूल्यांकन तसंच राहतं, फक्त नव्या बांधकामाची किंमत त्यात मिळवली जाते.

आता स्पर्धेचं. एबी १३३२ मुळे १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक शहराला आधीच मंजूर केलेल्या प्लॅनची सोय ठेवावी लागते, त्यातला प्लॅन घेतला तर तीस दिवसांत निर्णय. सॅन होजे आणि लॉस एंजेलिसमध्ये हे आधीपासूनच होतं. लोक म्हणाले आता तुमचं दुकान बंद. झालं उलटंच म्हणायला हरकत नाही, प्लॅन तयार मिळतो पण तो तुमच्या अंगणात बसवायचा कुणी? पाइप कुठून, पॅनेल कुठे, झाड कुठलं वाचवायचं, पायऱ्या किती, साइट प्लॅन तर प्रत्येकाचा वेगळाच. त्यामुळं आम्ही स्वतःचे काही प्लॅन मंजूर करून घेतले, त्यांची फी कमी ठेवली, आणि कमाई आता बरीचशी त्या पहिल्या भेटीतून आणि साइटच्या कामातून येते. पूर्ण बांधकाम अंगावर घ्या म्हणून पण फार आग्रह होतो, ते आम्ही घेत नाही. कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, विमा, मजूर, हा वेगळाच धंदा आहे आणि कॉन्ट्रॅक्टरने काय चुकवलं हे मालकाला मोकळेपणानं सांगायचं असेल तर त्याच्या नफ्यात आपला वाटा नसलेला बरा.

सध्या दोन नवीन गोष्टी चालू आहेत. एबी १०३३ ने शहरांना मुभा दिली की एडीयू काँडोसारखं, म्हणजे मालकीच्या फ्लॅटसारखं, वेगळं विकता येईल, सॅन होजेने ते २०२४ मध्ये लगेच घेतलं, त्याची विचारणा येते पण लोनवाल्या बँकेची संमती, वेगळी मीटर, हे ऐकून निम्मे लोक मागे फिरतात. दुसरं एसबी १२११, जुन्या अपार्टमेंटच्या आवारात आठपर्यंत स्वतंत्र एडीयू, पण आधीच्या फ्लॅट्सच्या संख्येपेक्षा जास्त नाही, आणि पार्किंगची मोकळी जागा वापरली तरी ती भरून द्यायची नाही. असं एक चार फ्लॅट्सचं काम घेतलंय, मागच्या पार्किंगमध्ये चार छोटी घरं, आठ म्हणून मालक आला होता आणि चारवर तयार झाला. फायर ट्रकची नळी मागपर्यंत पोचते का यावर सध्या घोळ चालू आहे.

नवीन कामं आम्ही महिन्याला मोजकीच घेतो, त्यामुळं थोडं थांबावं लागेल. भेटीची वेळ ठरवायच्या आधी टायटल रिपोर्ट शोधून ठेवा, पॅनेलच्या मुख्य ब्रेकरवर किती अँप लिहिलंय त्याचा फोटो काढा, आणि ड्रेनेजच्या क्लीनआउटचं (लाइन साफ करायच्या तोंडाचं) झाकण कुठं आहे ते बघून ठेवा, बहुतेकदा झुडपाखाली दडलेलं असतं आणि ते शोधण्यात आमचा पहिला अर्धा तास जातो ज्याचे पैसे तुम्हीच देत असता.