रजिस्टर बंद करायला निघालो होतो

दोन टीम एकत्र करायच्या, एवढंच काम होतं. एक टीम ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घ्यायची, दुसरी ईमेलवर. दोन्हींचं मिळून एकच खातं आणि एकच नवी सॉफ्टवेअर सिस्टिम. समन्वयाची जबाबदारी माझ्यावर आली. मी रीतसर तक्ता केला, तारखा टाकल्या, ट्रेनिंग उरकलं. तक्त्यातले सगळे चौकोन हिरवे झाले आणि मी निर्धास्त झालो.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की फोनवाली मंडळी दिवसभर जुन्याच रजिस्टरमध्ये लिहितात आणि निघायच्या आधी अर्ध्या तासात सगळं सिस्टिममध्ये उतरवतात. मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात: पुन्हा ट्रेनिंग, स्मरणपत्रं, आणि कोणी किती नोंदी वेळेवर केल्या याची नावानिशी यादी. यादीचा परिणाम लगेच दिसला. नोंदी वेळेवर होऊ लागल्या, पण नुसत्या 'बोलणं झालं' एवढ्याच. खरा मजकूर रजिस्टरातच.

माझ्या आधीच्या वरिष्ठांकडे रडगाणं गायलो. त्यांनी कागदावर मधोमध एक उभी रेघ मारली. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मांडलेली ही पद्धत. रेघेच्या डावीकडे बदलाला पुढे रेटणारे बाण, उजवीकडे अडवून धरणारे. परिस्थिती जिथे आहे तिथेच राहते ती दोन्हीकडचा जोर सारखा असल्यामुळे. डावीकडचा जोर वाढवला तर ताण वाढतो, म्हणून आधी उजवीकडचे बाण कमी करा, हा लेविनचा मुद्दा. मी डावीकडे भराभर सहा बाण काढले. उजवीकडे लिहिलं, 'लोकांची मानसिकता'. वरिष्ठ म्हणाले, "हा बाण नाही, ही तुझी चिडचिड आहे. जाऊन बस त्यांच्याशेजारी."

बसलो. फोन टीममधल्या सगळ्यात जुन्या मॅडम, वीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या. दोन तास काहीच बोलल्या नाहीत. मग एक फोन ठेवून म्हणाल्या, "सर, 'उद्या चार वाजता फोन करते' असं मी यांना सांगितलंय. तुमच्या सिस्टिममध्ये हे कुठे लिहू?"

जागाच नव्हती. तक्रार एक तर 'चालू' किंवा 'बंद'. 'चालू' जास्त दिसल्या की महिन्याच्या आढाव्यात टीमला बोलणी. म्हणून तक्रार 'बंद' करायची आणि दिलेला शब्द रजिस्टरात जपायचा. ज्याला मी हट्ट समजत होतो, ती ग्राहकाची काळजी होती.

नवा रकाना दोन दिवसांत झाला. आढाव्यातला आकडा बदलणं मात्र कुणालाच नेमकं सुचेना. इथे मला व्यवस्थापन सल्लागार डेव्ह स्नोडनची 'कनेव्हिन' चौकट उपयोगी पडली, प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखायची. आयबीएममध्ये असताना १९९९ मध्ये त्याने ती मांडली. शब्द वेल्श आहे. काही प्रश्न किचकट असतात, जाणकार बसवला की सुटतात. काही गुंतागुंतीचे असतात, तिथे कारण आणि परिणाम यांचा संबंध घडून गेल्यावरच कळतो. तिथे फसले तरी परवडतील असे छोटे प्रयोग करून बघावे लागतात. रकाना पहिल्या जातीचा. आकडा दुसऱ्या. मी दोन्हींना एकाच तक्त्यात कोंबलं होतं.

चार-चार जणांचे तीन गट केले, दोन आठवडे तीन वेगवेगळे आकडे वापरले. एक साफ फसला: 'ग्राहकाचं समाधान' मोजायला गेलो तर सगळे गोड बोलायला लागले, कामं तशीच. 'दिलेला शब्द वेळेत पाळला का' हा आकडा टिकला.

पुढचा टप्पा सुरू करण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनची 'प्रीमॉर्टेम' ही पद्धत करून पाहिली. त्याने २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला होता. सहा महिने उलटलेत आणि सगळं फसलंय असं धरून चालायचं. का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. 'काही अडचण?' असं विचारलं की मीटिंगमध्ये शुकशुकाट असतो. इथे चिठ्ठ्यांचा ढीग पडला. आम्ही तंत्राच्या धास्तीत होतो, आणि पाच चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट: आता आमची रजा कोण मंजूर करणार? त्याच दुपारी चार ओळींचा मेल गेला.

संस्थेत बदल कसा घडवायचा याच्या जॉन कॉटरच्या आठ पायऱ्या मला तोंडपाठ होत्या, त्यांत रजेचा अर्ज कुठेच नव्हता. असो.

रजिस्टर अजून कपाटात आहे. मध्ये एकदा सर्व्हर दोन तास बंद पडला, तेव्हा मॅडमनी ते काही न बोलता बाहेर काढलं. त्यांचं पेन चालेना, म्हणून मी माझं दिलं.