बंद ट्रेलर भरताना: एकूण वजन बसलं, ड्राइव्ह अ‍ॅक्सल बसला नाही

गोव्यातल्या कुंडईतून बेळगाव आणि पुढे हुबळीला जाणारा 18 चाकी बंद ट्रेलर भरून वजनकाट्यावर घेतला, तेव्हा एकूण वजन आलं 41.2 टन. परवानगी 45.5 टनांची. तरीही गाडी परत मागे घेऊन माल हलवावा लागला, कारण ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर (इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांच्या आसावर) 14.1 टन बसले होते आणि तिथली मर्यादा 11.5 आहे.

जुलै 2018 च्या अधिसूचनेनंतर या प्रकारच्या गाडीला पुढच्या अ‍ॅक्सलवर 7 टन, चार टायरच्या ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर 11.5 आणि ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलवर मिळून 27 टन चालतात. त्याआधी हेच 6, 10.2 आणि 24 होते. जुनी गाडी असेल तर आरसीवरचा आकडाच धरायचा, नवा मनाने लावायचा नाही. जादा वजनाला दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च आपलाच. काटा करायला नकार दिला तर 40,000.

रिकामा काटा मी नेहमी तीन टप्प्यांत घेतो: आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण पुलर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), मग सगळी गाडी. वजाबाकी केली की प्रत्येक अ‍ॅक्सलचा आकडा मिळतो. काटा आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा रस्ता एका पातळीत हवा, आणि वजन घेताना ब्रेक सोडलेले हवेत, नाहीतर आकडे फसवतात. टाकीत किती डिझेल आहे तेही लिहून ठेवायचं. 400 लिटर म्हणजे जवळजवळ 330 किलो. या गाडीचं रिकामं वजन पुढे 4.4, ड्राइव्हवर 4.2 आणि ट्रेलरच्या चाकांवर 6.6, असं एकूण 15.2 टन होतं.

म्हणजे 30.3 टन माल भरता येईल? नाही. किंगपिनवर (ट्रेलर पुलरला जिथे जोडला जातो त्या खुंटीवर) आलेल्या वजनातला सुमारे 87 टक्के भाग ड्राइव्हवर जातो, पुढच्या चाकांवर थोडाच. ड्राइव्हला उरलेले 7.3 टन भरले की किंगपिनची हद्द 8.4 टनांना संपते. त्यात ट्रेलरच्या चाकांचे उरलेले 20.4 मिळवले की 28.8 टन. पुढच्या अ‍ॅक्सलची बाकी क्षमता कागदावरच राहते.

आता मालाची जागा. पेटीची लांबी 12.2 मीटर, किंगपिन पुढच्या भिंतीपासून 0.8 मीटर मागे, तिथून तीन अ‍ॅक्सलचा मध्य 7.5 मीटर. माल 20 पॅलेट, प्रत्येकी 1.3 टन, दोन-दोनच्या दहा ओळी, म्हणजे बरोबर 10 मीटर. हमालांनी सवयीप्रमाणे पहिली ओळ पुढच्या भिंतीला टेकवली. मालाचा मध्य किंगपिनपासून 4.2 मीटरवर आला. 4.2 भागिले 7.5 म्हणजे 56 टक्के भार ट्रेलरच्या चाकांवर, उरलेला 44 टक्के, 11.4 टन, किंगपिनवर. चूक इथेच झाली होती.

26 टनांना हा मध्य किंगपिनपासून 5.1 ते 5.9 मीटरच्या दरम्यान हवा, म्हणजे 80 सेंटिमीटरची मोकळीक. 28 टन भरले तर तीच मोकळीक जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर उरते. म्हणून 28 टनांचा हट्ट मी कुणालाही करू देत नाही. सगळा माल 1.2 मीटर मागे घेतल्यावर ड्राइव्हवर 10.5, ट्रेलरवर 25.3 आणि पुढे 5.4 टन आले. अजून मीटरभर मागे ढकलला असता तर ट्रेलरची चाकं 28.8 टनांवर गेली असती, आणि हलका झालेला ड्राइव्ह पावसात अनमोड घाट चढताना जागच्या जागी फिरला असता.

पुढे रिकामी जागा सोडली की ती भरावीच लागते. जोरात ब्रेक मारला तर वजनाच्या 80 टक्के इतका जोर पुढे येतो, असं धरून बांधायचं असतं. बाजूला आणि मागे 50 टक्के. आम्ही प्रत्येक बाजूला आठ रिकामी पॅलेट उभी करून जागा दाबून भरली. त्यांचे तीनेकशे किलो थेट किंगपिनवर येतात, ते हिशेबात धरले: ड्राइव्ह 10.8. मागे दाराशी मीटरभर जागा उरते, तिथे ट्रेलरच्या तळाच्या फळीवर आडवा ओंडका ठोकला आणि शेवटच्या ओळीला 50 मिलिमीटरचे दोन रॅचेट बेल्ट आवळले. चढावर माल दारावर रेलला तर बेळगावात दार उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. फळी आधी कोरडी पुसून पॅलेटखाली रबरी पट्ट्या घातल्या. पावसाळ्यात ओल्या फळीवर पॅलेट साबणासारखं सरकतं.

फोर्कलिफ्ट आत घेताना पुलर जोडलेलाच ठेवायचा आणि चाकांना ठोकळे लावायचे. पाय टेकवून सुट्या उभ्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर किंवा अगदी पुढच्या नाकावर फोर्कलिफ्टचं वजन आलं तर तो उलटू शकतो.

बेळगावात मागच्या तीन ओळी, 7.8 टन, उतरल्या. गाडी हलकी झाली, पण ड्राइव्ह 12 टनांवर गेला, कारण मागचा तोल गेला. पॅलेट ट्रकने उरलेल्यातल्या शेवटच्या दोन ओळी दीड मीटर मागे घेतल्या, मधल्या जागेत लाकडी चौकट ठोकली, बेल्ट नव्याने आवळले आणि पुन्हा काटा केला. ड्राइव्हवर 11.1 टन. मग दार लावलं.