वाघापेक्षा इंजिन बरं

कऱ्हांडल्याची सफारी झाली. वाघ दिसला म्हणे, पुढच्या जिप्सीला. आम्हाला धूळ दिसली. त्या पैशांबद्दल आता बोलत नाही.

खरी मजा आली भिवापूरहून पवनीकडे जाताना. रस्त्याकडेला इंजिन दुरुस्तीची एक टपरी, आणि बाहेर पळसाखाली लिस्टर पद्धतीचं जुनं डिझेल इंजिन. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन जाडजूड फ्लायव्हीलं, म्हणजे वजनदार चाकं. मी गाडी थांबवली तेव्हाच बायको म्हणाली, "आता तासभर गेला."

"चालवून पाहता का जी?" टपरीतल्या काकांनी विचारलं. व्हॉल्व्हचा खटका उचलून त्यांनी हँडल अडकवलं आणि वाकून फिरवायला लागले. आधी नुसतेच तेलकट सुस्कारे. चाकांनी वेग घेतला तसा खटका पाडला, आणि धाड! काळा धूर, मग ठक ठक ठक. मिनिटाला ६५० फेऱ्यांवर जेमतेम ६ हॉर्सपॉवर, पण पायाखालची माती थरथरत होती.

मला जुन्या रेसिंग मोटरबोटींचं वेड आहे. समुद्र इतका लांब असून का, ते विचारू नका. चहा येईपर्यंत मी मोबाइलवर गार वुड या अमेरिकन शर्यतवाल्याची मिस अमेरिका टेन दाखवली. लाकडी बोट, पॅकार्ड कंपनीची बारा-बारा सिलिंडरची चार व्ही-१२ इंजिनं, म्हणजे ४८ सिलिंडर. १९३२ मध्ये ताशी २०० किलोमीटर! काकांनी नुसतं "बापा" म्हटलं. मग स्लो-मो-शन फोर, १९५० चा ताशी १६० मैलांचा विक्रम. लढाऊ विमानांतलं अ‍ॅलिसन इंजिन, २८ लिटरचं. वेगात बोट इतकी वर उचलली जाते की बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) अर्धा पाण्याबाहेर फिरतो.

इथे काकांनी व्हिडिओ थांबवायला लावला. "अर्धा बाहेर? मंग पानी कमी घासते, म्हनून पयते." मला हे समजायला इंटरनेटवर किती रात्री घालवाव्या लागल्या होत्या!

"डिझेल किती पेते?"

"डिझेल नाही, विमानाचं पेट्रोल."

"आन् ओलीत किती होते त्याच्यानं?"

"ओलीत नाही हो काका. नुसती शर्यत."

"मंग बैलांचा शंकरपटच म्हना ना!" ते खूश झाले आणि पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला. तिकडे गाडीतून हॉर्न वाजत होता. पवनीचा स्तूप राहिला तो राहिलाच.